दगडातलं भोक

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून उजेडाकडे जरा जास्तच लक्ष जातं. छतातून थेट अंगावर येणारा नको वाटतो, बाजूने वाकून आलेला चालतो. त्यातूनच ‘आर्को’ हा दिवा आठवला. मिलानच्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांचा, १९६२ सालचा.

छताला हात न लावता जेवणाच्या टेबलावर दिवा कसा आणायचा, एवढाच प्रश्न. उत्तर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबात सापडलं. स्टीलची कमान सुमारे दोन मीटर पुढे झुकते, तिला तोलायला इटलीतल्या काराराचा संगमरवर, साधारण ६५ किलो. माझा जीव जडलाय तो त्या दगडातल्या भोकावर. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. कोपरेही बोथट केलेले, येताजाता कुणाला लागू नये म्हणून. आपल्या नडगीची काळजी कुणी इतक्या आधी करून ठेवलीय, या विचारापाशी मी बराच वेळ रेंगाळतो.

दिव्याच्या साठीनिमित्त २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या फ्लॉस कंपनीने ‘आर्को के’ काढला. संगमरवराच्या जागी पारदर्शक क्रिस्टल, नग २०२२च. खांब आत कसा बसवलाय ते आता आरपार दिसतं. देखणं आहे, नाकारत नाही. पण मला दगडाचा भरवसा वाटायचा. वजन डोळ्यांना दिसलेलं बरं. पिएर जाकोमो १९६८ मध्ये गेले, आकिले २००२ मध्ये. त्यांना हे रुचलं असतं का, कोण जाणे. आणि असा मोजक्या नगांतला दिवा घरी आणणारा माणूस झाडूच्या दांड्याला हात तरी लावेल?