वेगदेवतेला अर्पण

न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकाला इनव्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथे बर्ट मन्रो नावाचे एक गृहस्थ राहत असत. त्यांच्या कार्यशाळेत एक विलक्षण फळी होती. फुटलेले दट्टे, मोडलेले दांडे, तडे गेलेले यंत्राचे भाग तिच्यावर ओळीने मांडलेले असत. दुसऱ्या कोणी ते केव्हाच भंगारात टाकले असते. मन्रो यांनी मात्र त्या फळीवर लिहिले होते : ‘वेगदेवतेला अर्पण’.

१९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडियन स्काउट’ नावाची मोटारसायकल विकत घेतली. नावात ‘इंडियन’ असले तरी ती आपल्या देशातली नव्हे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यात ती बनली होती. ती तासाला जेमतेम ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर धावे. त्या काळी कोणीही समाधान मानावे असा हा वेग. मन्रो यांचे समाधान मात्र झाले नाही. १९२६ पासून त्यांनी तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला आणि पुढे कित्येक दशके ते काम थांबले नाही.

दिवसा ते मोटारसायकली विकण्याची नोकरी करीत व रात्री आपल्या गाडीपाशी बसत. कित्येकदा काम करता करता उजाडे आणि तसेच उठून नोकरीवर जावे लागे. जवळ पैसा बेताचाच; शिवाय त्यांना हवे होते तसे भाग कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते. तेव्हा ते स्वतःच घडवणे भाग होते. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत वितळलेला धातू ओतावा आणि त्यातून दट्ट्या तयार करावा, हा त्यांचा क्रम. दट्ट्याला जोडणारे दांडे त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले. मूळ इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यांनी त्या माथ्यावर नेल्या. त्यामुळे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सरळ आत येऊ लागले, जणू इंजिनाला मोकळा श्वास घेता आला. टायरवरची जाड नक्षीसुद्धा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने तासून टाकली. कारण चाक अतिवेगाने फिरू लागले की टायरवरचे जड रबर बाहेर फेकले जाऊ पाहते.

परंतु एक अडचण नेहमीच पुढे उभी राही. दट्ट्या बळकट केला की सारा भार दांड्यावर येई व दांडा मोडे. दांडा बळकट केला की तिसरेच काही फुटे. यंत्राचे बळ वाढवावे तसा त्यातला सर्वांत दुबळा भाग आपण होऊन पुढे येतो. फळीवरचा प्रत्येक तुकडा म्हणजे असा एकेक सापडलेला दुबळेपणा होता. ती फळी भरत गेली तसतशी गाडी सुधारत गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकेतील युटा राज्यात बोनेव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. फार पूर्वी तेथे सरोवर होते. ते आटून गेल्यावर मैलोगणती सपाट भूमी उरली. वेगाचे विक्रम करू पाहणारे दूरदूरचे लोक तेथे जातात. मन्रो यांनीही आपली गाडी समुद्रापार तेथे नेली. १९६२ साली त्यांनी तेथे पहिला विक्रम केला. पुढे १९६७ साली ते पुन्हा तेथे गेले. तेव्हा त्यांचे वय ६८ वर्षांचे होते व गाडीचे ४७. मूळचे ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन वाढत वाढत ९५० घनसेंटिमीटरचे झाले होते. वारा कापत जावे म्हणून गाडीवर माशासारखे निमुळते कवच बसवले होते आणि मन्रो त्या कवचात जवळजवळ पालथे पडून गाडी हाकीत.

त्या वर्षीच्या एका धावेत अर्धी वाट ओलांडल्यावर गाडी थरथरू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो उठून बसले. तोच वाऱ्याच्या झोताने डोळ्यांवरचा चष्मा उडून गेला व त्यांना काहीच दिसेनासे झाले. मार्गाकडेचा एक पोलादी खांब इंचांच्या अंतराने चुकला. अखेर त्यांनी गाडी आडवी पाडली. थोडेफार खरचटले, एवढेच. एवढ्या वेगात असे निभावणे हे कौशल्य तर खरेच, पण त्यात दैवाचा भागही मोठाच मानला पाहिजे.

विक्रम मान्य व्हायचा तर एकदा जाताना व एकदा उलट दिशेने येताना, अशा दोन धावांची सरासरी काढतात. नाही तर पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा फुकटचा लाभ मिळेल. २६ ऑगस्ट १९६७ रोजी मन्रो यांची सरासरी ताशी १८३.५८६ मैल भरली. एक हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांच्या वर्गातला तो नवा विक्रम ठरला.

मन्रो १९७८ साली वारले. पुढे त्यांच्या मुलाला त्या जुन्या आकड्यात काही चुकल्यासारखे वाटले. सरासरी पुन्हा काढून पाहिली, तेव्हा हिशेबातली चूक उघड झाली. २०१४ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने विक्रमाची नोंद दुरुस्त केली : ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६ किलोमीटरांहून किंचित अधिक.