फुलराणीसाठी आडवाट

शिरूरहून पुण्याला जायचं तर नगर रस्त्याने सरळ एसटी मिळते. रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा मागे पडलं की वाघोलीची गर्दी आणि पुढे पुणं. पण भाच्याला रेल्वेत बसायचं होतं आणि शिरूर तालुक्यात रूळ कुठेच नाही. शिवाय जायचं होतं पुण्याच्या पेशवे उद्यानातल्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या रेल्वेगाडीत बसायला. तेव्हा न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून केडगाव स्टेशन, अशी आडवाट धरली. ताईने आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं.

पारगावपाशी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. चौफुला मोठ्या माणसांना ठाऊक असतो तो तिथल्या लावणीच्या कलाकेंद्रांमुळे. भाच्यापुढे मी तो विषय काढला नाही. केडगावला मात्र पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणून त्यांनी इथे मुक्ती मिशन वाढवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, गाडी कधी येणार?"

दौंडहून आलेल्या डेमूत खिडकी मिळाली. समोर दौंडचे एक आजोबा बसले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले.

"कुठं निघालास बाळा?"

"फुलराणीत बसायला."

"म्हणजे गाडीत बसायला गाडीनं निघालास!" आजोबा खूश झाले. मग यवत मागे पडेपर्यंत दौंड-बारामतीच्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीच्या आठवणी निघाल्या. पुढे तिथे रुंद रूळ आले आणि ती गाडी गेली. दौंडच्या माणसाला छोट्या गाडीचं कौतुक पटवून द्यावं लागत नाही.

पुणे स्टेशनहून बसने सारसबागेला आलो. आज जिथे हिरवळीवर पुणेकर भेळ खात बसतात, तिथे अठराव्या शतकात पाणी होतं. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा अडवून नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं आणि मधे एक बेट राखलं. 1784 मध्ये सवाई माधवरावांनी त्या बेटावर गणपतीचं देऊळ बांधलं. तळ्यातला गणपती हे नाव तेव्हापासूनचं. पेशवे महत्त्वाची खलबतं नावेत बसून करत आणि वल्ही मारायला मराठी न कळणारे हबशी नावाडी ठेवत, असं सांगतात. खरं असो नसो, शनिवारवाड्याच्या भिंतींना कान होते हे मात्र खरं.

पुढे तळं ओसरलं, आटलं, बुजलं. पुणे महापालिकेने शेजारच्या जागेवर 1953 मध्ये पेशवे उद्यान सुरू केलं. वाघ, मोर, माकडं आणि पोरांना पाठीवर घेऊन फिरणारा हत्ती, असा तो सगळा थाट होता. 8 एप्रिल 1956 ला तिथे फुलराणी धावली आणि तिचं उद्घाटन पुढाऱ्याऐवजी एका शाळकरी मुलीच्या हातून झालं. ही सुबुद्धी त्या वेळी कोणाला सुचली असेल त्याला मनापासून नमस्कार!

प्राणी आता इथे नाहीत. 1999 मध्ये कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत इथले पिंजरे रिकामे झाले. ती जागाही कात्रजच्या तलावाकाठची. तो तलावही नानासाहेबांनीच बांधवला होता आणि त्याचं पाणी दगडी नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत खेळवलं होतं.

फुलराणीची शिट्टी झाली. मोठी माणसं आखडून, गुडघे छातीशी घेऊन बसली, पोरं ऐटीत. गाडी झाडांमधून बागेची फेरी मारते आणि बसलो त्याच फलाटावर आणून सोडते. ना वेग, ना पोटात गोळा. भाचा उतरला आणि म्हणाला, "संपली?" आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हजार-दीड हजाराचं तिकीट लावून दिवसभर पोराला उलटंसुलटं फिरवणारी उद्यानं आता बरीच झाली आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रोजंदारीवरचा बापही ज्या गाडीत लेकराला दोनदा बसवू शकतो, अशी गाडी शहराने कशीही करून चालती ठेवली पाहिजे. आणि तुम्ही शिरूर-दौंडकडून पोरांना घेऊन निघणार असाल, तर त्यांना कबूल करण्याआधी गाडी चालू आहे का, हे विचारून घ्या. जुनी गाडी आहे, दुरुस्तीला कधी थांबेल याचा भरवसा नाही.