बिनतारी मैफल

आपल्या दिवाणखान्यात एखादा जुना स्टीरिओ कापडाखाली झाकून ठेवलेला असेल, आणि दिवाळीच्या आवराआवरीत तो भंगारवाल्याच्या हाती देण्याचा विचार घरात चालला असेल, तर वाचकहो, क्षणभर थांबा. त्या स्टीरिओची बाजू मांडण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

आमच्या इंदूरच्या घरातील स्टीरिओ १९८२ सालचा. सागवानी पेट्यांत बसविलेले दोन स्पीकर, मधोमध ॲम्प्लिफायर आणि त्यावर तबकडी वाजविणारे यंत्र. तो घेतला सासऱ्यांनी. पण त्याच्यावर राज्य केले ते सासूबाईंनी. उस्ताद अमीर खाँ ज्या शहरात वाढले त्या शहरात राहावयाचे आणि त्यांचे गाणे ऐकावयाचे नाही, हे त्यांना मान्यच नव्हते. खाँसाहेबांच्या एका लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. सासूबाई सांजवात लावून झाली की मारवा लावीत आणि मग यंत्र बंद करून ठेवीत. तबकडी उलटावयाची ती रात्रीची जेवणे आटोपल्यावरच. कारण दरबारी हा रात्रीचा राग. दोन बाजूंच्या मध्ये आमच्या घरात वरणभात शिजत असे.

पुढे यंत्राची सुई झिजली आणि तशी सुई मिळेना. सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली. मुलांनी कानांत बोंडे घातली. घरात पाच माणसे, पाच गाणी आणि दिवाणखान्यात शुकशुकाट, असा काळ आला. गाणे घरातून गेले असे म्हणता येत नव्हते. ते एकेकाच्या कानात जाऊन बसले होते, इतकेच.

अशा वेळी आमच्या चिरंजीवांनी काड्यापेटीएवढी एक काळी डबी आणली. तिच्यातून निघालेल्या तांबड्या आणि पांढऱ्या तारा त्याने ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे खोचल्या, स्वतःच्या फोनावर दोन ठिकाणी बोट टेकले, आणि सागवानी पेट्यांतून तानपुरा वाजू लागला. फोन त्याच्या खिशात आणि गाणे साऱ्या खोलीत!

ही किमया कशी घडते हे मी त्याच्याकडून समजून घेतले. फोनात गाणे नसते; असतात ते आकडे. ध्वनीच्या लहरीचे दर सेकंदाला सामान्यतः ४४,१०० वेळा माप घेऊन ते आकड्यांत लिहिलेले असते. हे आकडे फोन दाबून लहान करतो आणि रेडिओलहरींवर स्वार करून धाडतो. डबी ते झेलते, उलगडते आणि त्यांची पुन्हा विद्युत्‌लहर बनविते. पुढचे काम ॲम्प्लिफायर १९८२ साली करीत होता तसेच आजही करतो. गाणे तबकडीवरून आले की हवेतून, याची त्या बिचाऱ्याला वार्ताही नसते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडची घंटा अदृश्य लहरींनी वाजवून दाखविली होती. आमच्या डबीचे गोत्र तेच.

ब्लूटूथ म्हणतात त्या या पद्धतीत लहरी एका जागी स्थिर राहत नाहीत. ७९ वाटांवरून त्या सेकंदाला १,६०० उड्या मारतात. एक वाट गजबजलेली असली तर दुसरी मोकळी सापडते. उड्यांची ही कल्पना जुनी आहे. हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांनी १९४२ साली अशाच एका युक्तीचे पेटंट मिळविले होते. पाणतीराला बिनतारी आज्ञा देताना शत्रूला त्यात ढवळाढवळ करता येऊ नये, हा त्यांचा हेतू. त्यांनी योजलेल्या कंपनसंख्या ८८ होत्या. पियानोच्या पट्ट्या असतात तितक्याच. युद्धासाठी योजलेल्या कल्पनेच्या कुळातील एक वस्तू आज आमच्या घरी मारवा ऐकविते, याची मला गंमत वाटते.

आपण हा प्रयोग करणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ लिहिलेली जी जागा असते, तिच्यात या तारा घालू नका. ती तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या अगदी क्षीण विद्युत्‌लहरीसाठी असते. तेथे हे गाणे फाटून, घोगरे होऊन येते. ‘ऑक्स’ लिहिलेली जागा शोधा. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही जवळजवळ याच कंपनसंख्येवर चालते. मी दूध गरम करावयास ठेवले की कधीकधी तानपुऱ्याला उचकी लागते.

पण मला सांगावयाचे आहे ते याहून निराळे. पहिले आठ दिवस सासूबाई हरखून गेल्या. मग त्यांचे गाणे मागणे कमी झाले, आणि हळूहळू थांबलेच. एका संध्याकाळी सांजवात झाली तरी दिवाणखाना मुकाच.

‘‘आई, मारवा नको का आज?’’ मी विचारले.

‘‘अगं, त्याचा अभ्यास चाललाय. पूर्वी गाणं हवं असलं की मी उठायची. आता मला गाणं हवं असलं की कुणाला तरी उठवायचं.’’

या वाक्याने मी चपापले. तबकडीला फोन लागत नव्हता, परवलीचा शब्द लागत नव्हता, नातवाची सवड लागत नव्हती. नवे यंत्र साऱ्या घरासाठी गाऊ लागले खरे. पण त्याची किल्ली ज्याच्या खिशात फोन त्याच्यापाशी. आपल्या घरी वृद्ध माणसे असतील तर हे एकदा अवश्य पाहा. ती तक्रार करीत नाहीत, नुसती मागेनाशी होतात.

आम्ही एक जुना फोन काढला. त्यातील सिमकार्ड काढून टाकले, म्हणजे ऐन समेवर कोणाची घंटा वाजावयास नको. सासूबाईंचे आवडते गायन त्यातच उतरवून ठेवले. पडद्यावर मोठी चित्रे ठेवली ती दोनच: मावळता सूर्य आणि चंद्र. फोनाचा आवाज कायमचा पूर्ण ठेवला. कमीजास्त करावयाचा तो ॲम्प्लिफायरच्या जाडजूड बटणाने, जे आखडलेल्या बोटांनाही तळव्याच्या टेकूने फिरविता येते.

दोन चित्रे का, म्हणून विचाराल. आधी एकच यादी केली होती. मारवा संपताच यंत्राने लागलीच दरबारी सुरू केला. घड्याळात सात वाजले होते. ‘‘याला वेळकाळ काही कळतो की नाही?’’ असे म्हणून त्यांनी ते बंद करावयास लावले. आता सूर्याखाली मारवा, चंद्राखाली दरबारी, आणि मधल्या वेळात पूर्वीप्रमाणेच वरणभात.

सध्या घरात वाद आहे तो रविवारच्या सकाळचा. चिरंजीवांना त्यांची गाणी मोठ्याने ऐकावयाची असतात. आमची डबी एका वेळी एकाच फोनाचे ऐकते. ज्याने तिला आधी धरले त्याची ती. आणि सासूबाई पहाटे पाच वाजता उठतात.