आधी तिपाई, मग तारे

दुर्बीण पाहिली की प्रत्येक जण आधी विचारतो, "किती पट मोठं दिसतं?" आमच्या खगोल मंडळाची दुर्बीण साधी, भिंगाची आहे. भिंग ७० मिलिमीटरचे, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की २८ पट, १० मिलिमीटरचा लावला की ७० पट. एवढ्या भिंगाला १४० पटींच्या पुढे ताणले, तर चित्र मोठे होते पण पुसट होते. म्हणून ज्युनियर कॅडेटना शिकवताना मी सुरुवात आकड्यापासून करत नाही, तिपाईपासून करतो.

रेंजवर रायफल चालवलेल्याला हे चटकन पटते. पोझिशन पक्की नसेल, तर ग्रुपिंग विखुरतेच. दुर्बिणीत वस्तू जितकी मोठी दिसते, तितकाच हाताचा धक्काही मोठा दिसतो. म्हणून जमीन कडक हवी, स्क्रू घट्ट हवेत आणि तिपाईचे पाय पूर्ण लांब करायचे नाहीत.

फाइंडरचे झिरोइंग दिवसाच करायचे. समोरच्या डोंगरावरचा टॉवर आयपीसच्या मध्यावर आणायचा आणि मग फाइंडरची फुली त्याच टोकावर बसवायची. हे काम रात्रीवर टाकून चालत नाही, कारण जेवण आणि लाइट्स आउट यांच्यामध्ये आम्हाला जेमतेम पाऊण तास मिळतो. दिवसाचा एक नियम मात्र कधीही मोडायचा नाही: दुर्बीण किंवा फाइंडर सूर्याकडे वळवायचा नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

थंडीत जेवणाआधीच दुर्बीण बाहेर ठेवतो. नळीतली हवा बाहेरच्या हवेइतकी थंड झाली नाही, तर चित्र थरथरते. भिंगावर दव आले तर पुसत नाही, आपोआप सुकू देतो.

चंद्र पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास पाहावा. तेव्हा ऊन तिरपे पडते आणि विवरांच्या सावल्या लांब दिसतात. गुरूजवळचे चार ठिपके तर १६१० मध्ये गॅलिलिओने सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून पाहिले होते. आमची त्याहून बरी आहे! मृगातला तेजोमेघ मात्र पुस्तकातल्यासारखा रंगीत नसतो, राखाडी धुके दिसते. कोणी "एवढंच?" म्हणाला, तर मी सांगतो, हा उजेड सुमारे १३०० वर्षांपूर्वी तिथून निघाला आहे. मग तो पुन्हा रांगेत उभा राहतो.

नव्यांना मी आधी ध्रुवतारा दाखवतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे ७० पटींवर गुरू दोन-तीन मिनिटांत आयपीसबाहेर जातो. ध्रुव मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. शिकणाऱ्याला घाई होत नाही.

गेल्या सत्रात साताऱ्याचा एक सहावीतला मुलगा आला. रात्री पांघरुणात रडायचा. त्याला ध्रुव दाखवला आणि हात लांब करून मुठीने उंची मोजायला सांगितले. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. इथे हिमाचलात तीन मुठी भरल्या. रविवारच्या फोनवर त्याने वडिलांना गच्चीवर पाठवले. तिथून उत्तर आले, "दोन मुठीसुद्धा भरत नाहीत रे!" ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश: इथे ३१, साताऱ्यात सुमारे १८. फरक १३ अंशांचा. एका अंशाला १११ किलोमीटर धरून त्याने वहीत गुणाकार केला आणि म्हणाला, "म्हणजे घर उत्तर-दक्षिण १४४३ किलोमीटर लांब आहे."

अंतर काही कमी झाले नाही, पण आता ते त्याला मोजता येते. रडणे एकदम थांबले असे नाही. मात्र आकाश स्वच्छ असले की जेवणाआधी दुर्बीण बाहेर काढून तिपाई तोच लावतो, आणि स्क्रू घट्ट आहेत का, ते दोनदा तपासतो.