साधी वाईन

सावंतवाडीला आमच्या शेजारी राहणाऱ्या टीचरांकडे नाताळात पोर्ट वाईन असायची. गोव्याहून कोणीतरी आणून दिलेली, गडद लाल, भरपूर गोड. नेवऱ्या आणि दोदोलच्या ताटांशेजारी छोटे ग्लास मांडलेले असत. ‘बाळंतिणीलासुद्धा देतात ओ ही,’ असं टीचर म्हणायच्या, आणि तेवढ्या आधारावर माझी आई एक घोट घ्यायची. बाबांना सांगू नकोस, असं घरी येताना मला बजावायची. वाईनचा वास मला पहिल्यांदा कळला तो तिच्या ग्लासातून. मनुका, लवंग आणि जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी.

पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्यात होणारी पोर्ट मी पुढे प्यायले. तिथे द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू मिसळतात. त्यामुळे आंबणं मध्येच थांबतं आणि फळाची साखर शिल्लक राहते. ती वाईन उत्तमच असते. पण टीचरांकडच्या बाटलीचं मोल त्यामुळे कमी झालं नाही. आईला तो एक घोट आवडत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी स्वतः वाईन विकत घेऊ लागले. वाईन शॉपच्या जाळीपुढे पुरुषांची गर्दी असायची. दुकानदार न विचारताच बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचा. बाई दारू विकत घेते, ही पहिली लाज त्या कागदात गुंडाळलेली असायची. ती कमी होत गेली, कारण आजूबाजूचं जग बदललं. नारायणगावला श्यामराव चौगुले यांची इंडेज ही वायनरी आधीपासून होती. १९९९ साली नाशिकजवळ सुला सुरू झाली. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून इथल्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. बघता बघता वाईन म्हणजे सहलीला जाऊन, टोपी घालून, फोटो काढत प्यायची गोष्ट झाली.

आणि मग दुसरी लाज आली. एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला जाताना मी नाशिकची साधी पांढरी वाईन, शेनिन ब्लांक, नेली होती. यजमानांनी लेबल पाहिलं, हसून आभार मानले आणि बाटली स्वयंपाकघरात ठेवून दिली. ‘ही रस्स्यात घालायला छान,’ असं कोणीतरी म्हणालं. टेबलावर फ्रान्सची बाटली उघडली गेली. बराच वेळ तिच्या किमतीवरच बोलणं चाललं होतं. पिण्याची लाज समाजाने दिली होती. स्वस्त पिण्याची लाज मात्र पिणाऱ्यांनीच दिली, आणि मला ती जास्त लागली.

२००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाईन पाजली आणि प्रत्येक वेळी किंमत सांगितली. पाच डॉलरची वाईन एकदा पाच डॉलरची म्हणून दिली, एकदा पंचेचाळीसची म्हणून. किंमत जास्त सांगितली की लोकांना तीच वाईन अधिक आवडे. ते नुसतं तोंडदेखलं कौतुक नव्हतं. मेंदूत सुखाची नोंद होते तो भागही अधिक जागा होत होता. बरेच जण या प्रयोगावरून महाग वाईन पिणाऱ्यांना हसतात. मला त्याची उलटी बाजू महत्त्वाची वाटते. किमतीच्या अभिमानाने चव खरोखर वाढत असेल, तर किमतीच्या लाजेने ती खरोखर कमी होत असणार. त्या रात्री माझी शेनिन ओठाला लागण्याआधीच लाजेने बेचव करून टाकली होती.

शिवाय ती किंमत कशाची असते तेही पाहावं. युरोपातून येणाऱ्या वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क लागत आलं. त्यावर वाहतूक, राज्याचे कर, दुकानदाराचा नफा. तिथली रोजच्या जेवणाची बाटली इथे काचेच्या कपाटात जाऊन बसते. नव्या फ्रेंच ओकच्या पिंपात सव्वादोनशे लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या वाईन मावते, आणि त्या पिंपाला शेकडो युरो पडतात. तो खर्च बाटलीवर येतोच. साधी वाईन स्टीलच्या टाकीत होते आणि फिरकीच्या झाकणाने बंद होते. तरुणपणीच, वर्षा-दोन वर्षांत प्यावी म्हणूनच ती केलेली असते. ओकचा धूर आणि व्हॅनिला तिच्यात नसतो. फळ असतं, आंबटपणा असतो, ताजेपणा असतो. मला जेवताना तेच हवं असतं.

लिस्बनमध्ये दुपारच्या खानावळीत मी बघितलं, शेजारच्या टेबलावर दोन रंगारी बसले होते, कपड्यांवर चुन्याचे डाग. त्यांच्यापुढे तळलेले मासे आणि मातीच्या सुरईत घरची लाल वाईन. कोणत्या द्राक्षाची, कोणत्या सालची, कोणी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यात वाईन नव्हतीच, ग्लासात होती. मीही तीच मागवली आणि पोटभर जेवले.

आपल्या जेवणाला तर साधी वाईन जास्त शोभते, हे मी अनुभवाने सांगते. जड, तुरट, महागडी लाल वाईन तांबड्या रश्श्याबरोबर प्यायली की तिखट अधिकच जळजळतं. किंचित गोडसर, गार शेनिन मात्र मिरचीला सांभाळून घेते. कोथिंबीर वडी, भरलं पापलेट, तिखट मिसळसुद्धा. लाल वाईन असेल तर मी ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ते युरोपातल्या थंड खोल्यांचं, सोळा-अठरा अंशांचं. एप्रिलमधल्या पुण्याच्या स्वयंपाकघराचं नव्हे. गरम झालेली लाल वाईन पिऊन तिला हलकी म्हणणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं.

दिंडोरीकडच्या एका बागेत फेब्रुवारीत तोडणी बघायला गेले होते. खाण्याच्या द्राक्षांच्या मानाने वाईनचे मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. बाया पहाटे, ऊन चढायच्या आत, क्रेट भरत होत्या. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी. इतक्या हातांतून गेलेलं फळ साध्या बाटलीतही असतं.

आता कोणाकडे जाताना मी साधी शेनिनच नेते आणि गेल्या गेल्या विचारते, ‘गार करायला ठेवू? जेवताना उघडू.’ मग ती रस्स्यात जात नाही. माझी खरी तक्रार आता हॉटेलांबद्दल आहे. दुकानातल्या भावाच्या दुपटी-तिपटीने बाटली विकतात, आणि ग्लासाने मागवली तर कधीची उघडलेली, आंबूस झालेली वाईन पुढे ठेवतात. इथली साधी वाईन रोज ताजी उघडावी, गार ठेवावी, पाव लिटरच्या सुरईत, परवडेल अशा भावाने द्यावी. सुरमई आणि सोलकढी त्यांच्याकडे आहेतच.