दाखलवही वेबवर चढवताना

३ जून, मंगळवार
वाचनालयाची ग्रंथयादी वेबवर टाकायचं कार्यकारिणीत ठरलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. मूळ फाइल ॲक्सेस ९७ मधली, पुढे नव्या आवृत्त्यांत उघडत उघडत इथवर आलेली. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्गांक, किंमत, शेरा. ग्रंथपालबाई अजूनही तिच्यातच नोंदी करतात, तेही झरझर. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "सर, काय करायचं ते बाहेर करा. माझ्या फॉर्मला हात लावू नका." रास्त आहे. बसलेली घडी मोडायची आणि मग नोंदी का रखडल्या म्हणून विचारायचं, हे आपल्या संस्थांत नेहमीचंच.

५ जून, गुरुवार
ॲक्सेसमधून वेबपानं थेट काढता येतात. एचटीएमएल निर्यात करताना तो साचा कोणता, असं विचारतो. साच्यात ठरावीक खुणा ठेवायच्या: एक शीर्षकाची, एक मजकुराची, काही पहिलं, मागचं, पुढचं, शेवटचं पान यांच्या दुव्यांच्या. खुणेच्या जागी तो आपला ऐवज भरतो. सोय जुनी आहे, ९७ च्या आवृत्तीतही होती. पण टेबल पाठवलं की सारी यादी एकाच लांबलचक पानावर येते. रिपोर्ट पाठवला की कागदाच्या प्रत्येक पानाचं एक वेबपान होतं आणि रेघा-चौकटी गळतात. आता पान चौदा कोण शोधणार? वाचक दांडेकरांची पुस्तकं शोधतो.

याहून दिमाखदार मार्गही होऊन गेले. २००० च्या आवृत्तीत 'डेटा ॲक्सेस पेजेस' आली. ती इंटरनेट एक्स्प्लोररवाचून चालत नसत, आणि २०१० पर्यंत त्यांचा आधार काढून घेतला गेला. मग शेअरपॉइंटवरची वेब ॲप्स आली. ऑफिस ३६५ मध्ये तीही एप्रिल २०१८ मध्ये बंद झाली. म्हणून ठरवलं: डेटाबेस नेटवर न्यायचाच नाही. त्यातून साधी, मुकी पानं काढायची. ती कुठल्याही सर्व्हरवर राहतात आणि कुठल्याही फोनवर उघडतात.

९ जून, सोमवार
आज फाँटाशी झटापट. जुन्या नोंदी आठ बिटी मराठी फाँटात टंकलेल्या आहेत. फाँट काढला की उरतात नुसती रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. युनिकोडमध्ये आणताना अक्षराला अक्षर लावून भागत नाही, कारण जुना फाँट दिसतं त्या क्रमाने साठवतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. युनिकोडला ती नंतर हवी. 'स्थिती'मध्ये तर तिला अख्ख्या जोडाक्षरावरून पलीकडे न्यावं लागतं. रफाराचं उलटं: 'मर्ढेकर' लिहिताना फाँटात तो 'ढ'च्या मागून येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी. मर्ढेकर नीट उमटेपर्यंत पुढे जायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. उमटले.

१२ जून, गुरुवार
निर्यात केलेल्या सीएसव्ही फाइलवर पायथनची छोटी स्क्रिप्ट चालवली आणि साचे स्वतःच लिहिले: लेखकाचं पान, पुस्तकाचं पान, विषयाचं पान. साचा करताना टेबलाचे स्तंभ समोर ठेवायचे नाहीत, काउंटरवर लोक काय विचारतात ते आठवायचं. "गोनीदांचं काही आहे का?" असं विचारतात. फाइलमध्ये ते 'गो. नी. दांडेकर', 'दांडेकर गो. नी.' आणि 'गोनीदा' अशा तिन्ही रूपांत आहेत, म्हणजे पानंही तीन झाली असती. एक वेगळं टेबल केलं: डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे प्रमाण रूप. बाईंच्या नोंदींना धक्का नाही.

प्रकाशकाची जागा रिकामी असेल तर साच्याने ती ओळच गाळायची, ही अट घातली. नाहीतर 'प्रकाशक :' असं लिहून पुढे काहीच नाही, आणि पान ओशाळवाणं दिसतं.

१७ जून, मंगळवार
अकारविल्हे. संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकाने लावतो. त्यामुळे श्री. के. क्षीरसागर कोल्हटकरांनंतर आणि खांडेकरांच्या आधी जाऊन बसले, कारण यंत्राच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क'चंच जोडाक्षर. 'ळ' 'ल'च्या पाठोपाठ येतो, म्हणून व. पु. काळे काका कालेलकरांना खेटून. आपण शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं शिकलो. क्रमवारीपुरता एक छुपा स्तंभ केला आणि त्यात या तिघांना 'ह'च्या पुढचे संकेत दिले. हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण मराठी यादीत क्षीरसागर 'क'खाली सापडणं मला तरी चालणार नाही.

२० जून, शुक्रवार
याच फाइलमध्ये सभासदांचे पत्ते, फोन, थकबाकी आहे. एक सदस्य म्हणाले, "साच्यात ते दाखवू नका, झालं." तेवढ्याने होत नाही. उद्या कुणी साचा बदलला की सगळं चव्हाट्यावर. ॲक्सेसमध्ये एक क्वेरी केली. तिच्यात फक्त जाहीर करायचे स्तंभ आहेत, आणि स्क्रिप्टला तेवढंच मिळतं. 'शेरा' हा स्तंभही वगळला. त्यात "अमक्यांनी पानं फाडली" अशा नोंदी निघाल्या, नावानिशी. वाचायला बहारदार, छापायला नाही.

२८ जून, शनिवार
यादी चढली. दर शनिवारी बाई क्वेरी निर्यात करतील आणि स्क्रिप्ट सगळी पानं नव्याने काढेल. जुन्या पानात हाताने दुरुस्ती करायची नाही, चूक मूळ नोंदीतच सुधारायची. यादीत चूक दिसली तर वाचकांनी दाखल क्रमांकासह कळवावं. पुस्तक जागेवर आहे की कुणी नेलं आहे, हे ही यादी सांगत नाही. त्यासाठी देवघेवीच्या वेळेत फोनच करावा लागेल.