पुंगळी आणि साचा

साच्याविषयीं आपल्या भाषेंत फारसा आदर नाहीं. एखादी कविता साचेबंद आहे असें म्हटलें कीं तिचा निकाल लागला. एखादा मनुष्य साच्यांतून काढलेला आहे असें म्हटलें कीं त्याच्यांत पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं असें समजावें. अध्यापनाच्या धंद्यांत इतकीं वर्षें घालविल्यावर ही निंदा आमच्याहि वांट्याला पुष्कळदां आली आहे, व ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका निराळ्याच साच्याचा विचार करण्याचा प्रसंग आला. तो साचा म्हणजे रायफलीचें उडविलेलें काडतूस पुन्हां भरण्याजोगें करणारा.

निमित्त असें झालें. आमच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांत बसलेला गोंदियाचाच एक विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेंत आहे. तिकडे निशाणबाजी करणारीं माणसें आपलीं काडतुसें घरींच भरतात, व तिकडच्या कायद्याची त्यास आडकाठी नाहीं. यानें ब्रिटिश लष्करांतून निघालेली जुनी ३०३ रायफल घेतली आहे. त्यानें लिहिलें, "सर, साच्यांचे इतके प्रकार दुकानांत आहेत कीं निवड होत नाहीं. पितळ कसें वागतें तें तुम्हीच शिकविलें. तेव्हां आतां तुम्हीच सांगा."

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचीं अंगें चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं कॅप, पोटांत दारू आणि तोंडाशीं गोळी. बार उडाला कीं बाकीचीं खर्चीं पडतात, पुंगळी तेवढी उरते. दाबानें ती फुगते, बंदुकीच्या घराला चिकटते व पेटलेला वायु मागें येऊं देत नाहीं. मारणाराचा चेहरा शाबूत राहतो तो या एका गुणामुळें. दाब ओसरला कीं ती किंचित् आक्रसते, पण पूर्ववत् होत नाहीं. तिला मूळ मापावर आणणारें पोलादी नळकांडें तो साचा. सोनार पट्टीच्या भोंकांतून तार ओढून बारीक करतो, तोच हा न्याय.

पितळेचा स्वभाव जाणावयास आमच्या भागांतील मनुष्यास विलायतेस जावें लागत नाहीं. १ मे १९९९ रोजीं निराळा होईपर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि भंडाऱ्याची ख्याति पितळी भांड्यांची. भांडें मठारणारा कारागीर जाणतो कीं, ठोके बसतील तसतसें पितळ कठीण होत जातें व मधून मधून तापवून नरम न केल्यास शेवटीं तडकतें. पुंगळीच्या पितळेंत शेंकडा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. तिचा धर्महि हाच. इंग्रजी अमदानींत येथील लष्करास याचा विलक्षण अनुभव आला. पावसाळ्यांत तबेल्यांत ठेवलेलीं काडतुसें, कोणीं हात न लावतां, आपोआप चिरूं लागलीं. जनावरांच्या मुतांतून सुटणारा अमोनिया आणि घडणींत पितळेच्या अंगीं राहिलेला ताण या दोहोंच्या संगमानें हें घडतें, असें पुढें १९२१ सालीं शास्त्रज्ञांनीं सप्रमाण दाखविलें. उपाय मात्र तांबटाचाच निघाला: तापवून ताण काढणें.

जुन्या शिकाऱ्यास निवडीचा हा घोर नव्हता. सातपुड्याच्या अरण्यांवरील ज्याचें पुस्तक १८७१ सालीं निघालें, त्या कॅप्टन जेम्स फोर्सिथनें त्याआधीं शिकारी रायफल व तिची गोळी यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. काळ ठासणीच्या बंदुकीचा. गोल गोळीमागें भरपूर दारू घालावयाची तर नळींतील पेच सावकाश वळणारे हवेत, नाहींतर गोळी पेच सोडून निसटते, असा त्याचा सिद्धांत. गोळी ओतण्याचा साचा त्या वेळीं बंदुकीबरोबरच मिळे. ती बंदूक आणि तो साचा यांचें लग्न कारागिरानेंच लावून दिलेलें असे. आतां तें ज्याचें त्यानें जुळवावयाचें आहे.

साचे मुख्यतः दोन जातींचे. एक सबंध पुंगळी दाबतो. दुसरा नुसती मान आवळतो, म्हणजे गोळी घट्ट बसते. पहिल्यांतून निघालेली पुंगळी त्या जातीच्या कोणत्याहि बंदुकींत जाते. दुसऱ्यांतली, जिच्यांत ती फुगली त्याच बंदुकीला मानवते. काडतुसें अनेक बंदुकींसाठीं असतील, किंवा जंगलांत ऐन वेळीं खटका अडकणें परवडणारें नसेल, तर पहिला साचा घ्यावा. पण ३०३ ची गोष्ट निराळी. तिचें काडतूस बुडाच्या कडेवर टेकतें, आणि चिखलमातींतहि तें अडूं नये म्हणून लष्करानें तिचें घर ऐसपैस ठेविलें. अशा बंदुकींत पुंगळी दर वेळीं पुरती दाबली तर ती दर वेळीं पुन्हां पुरती ताणते, आणि थोड्याच फेऱ्यांत बुडाजवळ तुटते. पितळ उघडें पडणें म्हणतात तें येथें अक्षरशः घडतें, आणि तें डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. म्हणून आम्हीं लिहिलें: मानेचा साचा घे, पुंगळी घट्ट जाऊं लागेल तेव्हांच सबंध साच्यांतून एकदां काढ, आणि तोहि अगदीं तळापर्यंत फिरवूं नकोस.

आणखी एक गोष्ट लिहावी लागली. बुडाशीं दोन छिद्रें असलेली पुंगळी ही अमेरिकन बर्डनची युक्ति. मधोमध एकच छिद्र असलेली ही इंग्रज बॉक्सरची. दोन्ही १८६० नंतरच्या दशकांतल्या. दैवाचा खेळ असा कीं, अमेरिकेनें बॉक्सरची उचलली व यूरोपनें बर्डनची. साच्याच्या मध्यभागीं जी टांचणी जुनी कॅप ढकलते, ती लष्करी बर्डन पुंगळींत छिद्राऐवजीं पितळेवर आपटून वांकते. तेव्हां साच्याआधीं पुंगळी निवडावी.

इतकें लिहून हातावेगळें केलें, आणि मग घरचा प्रश्न उभा राहिला. आमच्या वडिलांची परवान्याची दुनळी होती. धानाच्या शेतांत रानडुकरें उतरत त्या दिवसांतली. ती त्यांच्यामागें रीतसर सरकारजमा झाली. परंतु माळा उतरवितांना एक पत्र्याची पेटी निघाली: कॅप काढण्याची टांचणी, दारूचें माप, काडतुसाची कड मुडपण्याचें छोटें यंत्र. आमचे थोरले बंधु म्हणाले, "बाबांच्या हाताचा घाम लागला आहे याला. हें कुठें जाणार नाहीं."

आम्हीं १९५९ चा शस्त्रकायदा काढून वाचला. त्याच्या व्याख्येप्रमाणें दारूगोळ्यांत दारूगोळा तयार करण्याचीं यंत्रेंहि येतात. दादांना तें हास्यास्पद वाटलें. "गंजलेलें लोखंड म्हणजे काडतूस?" त्यांचें म्हणणें वरवर पाहतां खरें होतें. पण आम्हांस कायदाच अधिक शहाणा वाटला. परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते. भरण्याचें साधन हातीं आलें कीं त्या आंकड्याला कांहीं अर्थ उरत नाहीं. आणि आमच्या दाराशीं नागझिरा आहे, नवेगांव आहे. १९७२ च्या कायद्यानें शिकारीस आळा बसला, २०१३ सालीं या रानांचा व्याघ्रप्रकल्प झाला. तेथील जनावर जगतें तें पुष्कळसें अशा आंकड्यांच्या भरंवशावर. हें दादांना पटलें असें नाहीं. ते चार दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. पांचव्या दिवशीं त्यांनींच पेटी पुसली, अर्ज आमच्याकडून लिहून घेतला, आणि ठाण्यांत स्वतः नेऊन दिली.

पेटीच्या तळाशीं एक वही होती, ती तेवढी त्यांनीं ठेवून घेतली. प्रत्येक काडतूस केव्हां भरलें, केव्हां उडविलें, किती पावलांवर, लागलें कीं चुकलें, हें सगळें वडिलांच्या हातचें. चुकल्याच्या नोंदी अधिक आहेत, आणि त्या लागल्याच्या नोंदींइतक्याच स्वच्छ अक्षरांत आहेत. त्या नोंदी १९७२ सालाशीं थांबतात. पुढच्या पानांवर धानाचा हिशेब आहे.